परदेशी कप्पी आणि माझा उजवा हात

मोठे आजारपण माणसाला आयुष्यातल्या खऱ्या मोलाच्या गोष्टींकडे पाहायला शिकवते. मी ऐंशी सालचा सबंध उन्हाळा एका परदेशी कप्पीकडे पाहत काढला.

ही कप्पी आमच्या कर्जतच्या घरात मधल्या दाराच्या चौकटीवर बसवलेली होती. तिच्यावरून एक दोरी जायची, दोरीच्या टोकाला मूठ, आणि मुठीला मी. उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून हा उद्योग. ज्या बायकांवर हीच पाळी आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांना धीर देण्याचा माझा हेतू नाही. धीर देणारे त्यांच्या घरी चहाला येतच असतील. घरात असे यंत्र आले तर त्याचे काय करावे, एवढेच सांगायचे आहे.

बातमी

गाठ मला आंघोळ करताना लागली. काही दिवस मी ती दुर्लक्ष करून बरी करायचा प्रयत्न केला. मग कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले. तिथल्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून माझ्या नवऱ्याला आत बोलावले. गाठ माझी आणि बातमी त्यांची, अशी वाटणी झाली.

माझे पती मधुकर साजगावच्या एका कारखान्यात फिटर आहेत. लिहिताना मी त्यांचे नाव घेते, बोलताना ‘अहो’वर भागते. मुळात कमी बोलणारा माणूस. बाहेर आले ते चष्मा पुसत.

“काय म्हणाले?”

“काही नाही. लहानसं ऑपरेशन आहे.”

घरी पोचेपर्यंत त्यांनी मला इतक्या वेळा भूक लागली का विचारले, की मला संशय आला. पण संशयच. खात्री झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई स्टोव्हपाशी उभ्या आणि माझा चहा कपात ओतलेला. माझ्या लग्नापासून त्या घरात सकाळचा चहा मी करत आले होते, तापातसुद्धा.

“पी गं, गार व्हईल.”

“तुम्ही कशाला केलात?”

“का? माज्या हाताला काय झालंय?”

मी तो चहा प्यायले. साखर दुप्पट होती. कप विसळून बाहेर आले आणि नवऱ्याला विचारले, “कॅन्सर आहे ना?”

“कोणी सांगितलं तुला?”

“तुमच्या आईनं.”

“तिला कुठं माहीत आहे? मी तर तिला फक्त...” एवढे बोलून ते थांबले. मग पुष्कळ वेळ आम्ही दोघेही अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत बसलो. जास्वंदीत पाहण्यासारखे काही नव्हते.

शब्द

स्तन हा शब्द मराठीत कवितेत चालतो, घरात चालत नाही. आमच्याकडे माझ्या आजाराला ‘ते’ म्हणत. ‘शालिनीला ते झालंय.’ भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहत आणि मग नजर इतक्या काळजीपूर्वक खाली येऊ देत नसत, की त्यांची मान अवघडत असावी.

एकीने सांगितले, “आमच्या शेजारणीला अगदी हेच झालं होतं.”

“मग?”

“मग काय...” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “चहा छान झालाय हं.”

आम्हाला मूल नाही. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना आमच्या घरात एक विषय आधीपासून होताच. आता दोन झाले. काहींनी दोन्ही जोडून एक केला आणि हे त्यामुळेच झाल्याचे मला समजावून सांगितले. मी गणित शिकवते. दोन गोष्टी एकाच माणसाला झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही, हे मी आठवीच्या मुलांना दाखवून देऊ शकते. पाहुण्यांना नाही.

भीती वाटत होती का? वाटत होती. ती दुपारी यायची, भांडी वाजणे थांबले की. कढीपत्ता निवडताना, गुंडी लावताना. पुढच्या वर्षीच्या दिवाळीचा विचार मनात आला की मध्येच एक पायरी गाळल्यासारखे व्हायचे. त्यावर मला उपाय सापडला नाही. सापडला असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे.

इस्पितळ

इस्पितळाचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. कोणीतरी येऊन तोंडात थर्मामीटर घालते आणि बरे वाटते का विचारते. थर्मामीटर तोंडात असल्यामुळे उत्तर देता येत नाही. मग चादरी बदलतात. मग मोठे डॉक्टर येतात. त्यांच्यामागे धाकटे डॉक्टर, त्यांच्यामागे विद्यार्थी, आणि शेवटी फाइली घेतलेली नर्स. अशी मिरवणूक मी गावच्या जत्रेतही पाहिलेली नाही. पालखीतले देव निदान भक्तांकडे तोंड करून असतात. हे माझ्या खाटेच्या पायाकडे पाहून इंग्रजीत बोलत आणि निघून जात.

एकदा मी मागून विचारले, “डॉक्टर, हात वर कधी जाईल?”

ते थांबले. “तुम्ही काय करता?”

“शिक्षिका आहे. फळ्यावर लिहिते.”

“अरे वा,” ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

शेजारच्या खाटेवरची पालघरकडची म्हातारी हे ऐकत होती. ती म्हणाली, “बाय, तू त्यांना शाळेत घाल. पयलीपासून.”

उपयोगाचे असे त्या इमारतीत मला एकच माणूस भेटले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई. गोड बोलायच्या नाहीत. त्यांनी मला भिंतीसमोर उभे केले आणि उजव्या हाताची बोटे कोळ्यासारखी भिंतीवर चढवायला लावली. ती खांद्यापर्यंत जाऊन थांबली.

“रडायचं असेल तर रडा,” त्या म्हणाल्या, “हात खाली करायचा नाही.”

घरी करायचा व्यायामही त्यांनीच दाखवला. दारावरून एक दोरी टाकायची, दोन टोके दोन हातांत. डाव्या, चांगल्या हाताने खाली ओढायचे, म्हणजे उजवा वर जातो. उजव्याने काही करायचे नाही. त्याने फक्त यायचे. वजन म्हणून काही उचलायचे नाही, पाण्याची कळशीही नाही.

“दुखलं की थांबू नका. फार दुखलं की थांबा.”

“फरक कसा कळायचा?”

“कळेल,” त्या म्हणाल्या. हे मात्र खरे निघाले.

शाळा

घरी आल्यावर मुख्याध्यापक भेटायला आले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि संस्था माझ्या पाठीशी असल्याचे सांगितले. आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडी ‘संस्था’ आली की समजावे, काहीतरी काढून घेतले जाणार आहे.

“बाई, जूनपासून तुम्ही ग्रंथालय सांभाळा. निवांत काम.”

आमचे ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे. त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली.

“आणि दहावीची भूमिती?”

“नवीन सर घेतील. तरुण आहेत.”

नवीन सर वर्तुळ काढताना बशी वापरायचे. मी तसे म्हणाले नाही. मी म्हणाले, “मला वर्ग घेता येतो.”

“तोंडाने येतो हो. पण फळा? मागच्या बाकांना दिसायला नको?”

आमच्या शाळेतले फळे उंच लावलेले आहेत आणि पहिल्या तासाच्या शिक्षकाने सर्वांत वरच्या कडेला वार, दिनांक आणि हजर मुलांचा आकडा लिहायचा असतो. ती ओळ बाकावर उभे राहून लिहिलेली चालत नाही. विद्यार्थ्याकडून लिहून घेतलेलीही चालत नाही. मुख्याध्यापक फेरीला निघाले की दारातून आधी तिच्याकडे बघतात, मग वर्गाकडे.

“शाळा उघडेल त्या दिवशी वरची ओळ लिहून दाखवते,” मी म्हणाले. “नाही जमलं तर द्या तुमची कपाटं.”

ते उठले. “घाई नाही, बाई,” असे दारातून म्हणाले. नवीन सरांना दहावीचे पुस्तक त्यांनी आधीच दिले होते, हे मला नंतर कळले.

यंत्र

दोरी साधी होती, दार साधे होते आणि हात रोज थोडा थोडा वर सरकत होता. इथे ही हकिगत संपायला हरकत नव्हती. पण आमच्या घरात वसंतराव येतात.

वसंतराव म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. खोपोलीला राहतात, कारखान्यांना माणसे पुरवण्याचा ठेका घेतात आणि तालुक्यातल्या बऱ्याच समित्यांचे अध्यक्ष आहेत. मधुकरना साजगावची नोकरी त्यांच्या शब्दाने लागली, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या शब्दाला कोणी शब्द लावत नाही. त्यांनी बंगल्यात एक खोली व्यायामासाठी केली आहे. घरात व्यायामशाळा असलेला खालापूर तालुक्यातला पहिला माणूस, असे ते स्वतःच सांगतात. खोलीत बाक आहे, वजने आहेत, भिंतभर आरसा आहे. आलेल्या पाहुण्याला चपला काढून ती दाखवली जाते. पंखा बंद पडला होता तेव्हा सोडून तिथे मी त्यांना घाम आलेला पाहिला नाही.

त्या खोलीसाठी त्यांनी मुंबईहून एक दोरी ओढायचे परदेशी यंत्र मागवले होते. दारावर बसवायचे. माझ्या दोरीबद्दल कळताच ते यंत्र त्यांनी मला द्यायचे ठरवले.

“वहिनी, साधी सुतळी ओढत बसताय? आपल्या घरात काही कमी आहे का?”

“भावोजी, सुतळीनं हात वर चाललाय.”

“अहो, मग यंत्रानं किती जाईल!”

या युक्तिवादाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते मोठ्याने देता येत नाही.

यंत्राचा खोका आला. त्यावर चड्डी घातलेल्या एका गोऱ्या पैलवानाचे चित्र होते. छाती अशी की मला माझीच कीव आली. सासूबाईंनी खोका भिंतीकडे तोंड करून ठेवला. आत माहितीपत्रक होते. भाषा आमच्यापैकी कोणाला येत नव्हती, पण चित्रे होती, आणि सगळ्या चित्रांत पैलवान सारखाच हसत होता. त्याच्या हसण्यावरून हे यंत्र कशासाठी आहे ते मला तेव्हाच कळायला हवे होते. ते अशा माणसांसाठी होते ज्यांना काही झालेले नसते.

वस्तू देखणी होती, हे मान्य करते. चकचकीत कप्पी, पांढरी नायलॉनची दोरी, रबर चढवलेली मूठ. दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजने अडकवायचा लोखंडी दांडा. मूठ धरून खाली ओढली की दांडा वर जातो. सोडली की दांडा खाली येतो आणि मूठ वर.

“बायकांसाठी म्हणून सगळी वजनं काढली आहेत,” वसंतराव म्हणाले. दांड्याचे स्वतःचे वजन कोणी केले नव्हते.

उद्घाटन

होळीच्या सुमारास एका रविवारी यंत्राचे उद्घाटन झाले. मी आजारी होते, त्यामुळे मला विचारण्याचा प्रश्न नव्हता. झेंडूची माळ चौकटीवर चढली. नारळ फुटला. शेजारचे आले. वसंतरावांनी विज्ञानावर चार शब्द सांगितले, चार नव्हते.

कप्पीच्या शेजारी एक पितळी पट्टी बसवलेली होती, पुस्तकाएवढी. आमच्याकडे दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. तांब्या असो की पिंप, नावाशिवाय हात सुटत नाही. तेव्हा पट्टीचे मला नवल वाटले नाही. भाषण चालू असताना मी ती वाचली.

‘सौ. शालिनी यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. वसंतराव आणि परिवार, खोपोली.’

पुन्हा वाचली. अक्षर सुरेख होते.

मी वाचत असतानाच मूठ माझ्या उजव्या हातात दिली गेली. वसंतरावांनी दांडा दोन्ही हातांनी वर उचलून धरला होता. “सोडू?” त्यांनी विचारले. मला वाटते ते लोकांना विचारत होते. त्यांनी सोडला.

दांडा खाली गेला आणि माझा हात वर. खांदा, कान, डोके, सगळे मागे टाकून सरळ वर. काखेत काहीतरी फाटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“गेला की नाही? एका फटक्यात!” वसंतराव म्हणाले.

मी खाली बसले आणि झेंडूच्या पाकळ्यांवर ओकले. सासूबाई धावल्या. नणंदबाई म्हणाल्या, “आनंदानं झालं असेल.”

संध्याकाळी मी नवऱ्याला पट्टी दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग पुढच्या खोलीत जाऊन वसंतरावांना विचारून आले. स्पष्टीकरण सरळ होते. माझे काम झाल्यावर यंत्र खोपोलीच्या सार्वजनिक व्यायामशाळेला जायचे होते, आणि तिथे स्मरणार्थ पट्टी लागतेच. भाचीच्या लग्नाच्या भांड्यांवर नावे घालायला कोरणारा दारात बसलाच होता. एकाच बैठकीत उरकले.

“‘माझं काम’ म्हणजे कोणतं काम?” मी विचारले.



हात

दुसऱ्या दिवशी हात सुजला. बांगडी वर सरकेना, मग उतरेना. टाक्यांच्या कडेला पाणी येऊ लागले. पुन्हा मुंबई, पुन्हा बाक. व्यायामाच्या बाईंनी हात पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

“हा शहाणपणा कोणी केला?”

“घरच्यांनी. उद्घाटन होतं.”

“कशाचं?”

“माझंच, बहुतेक.”

त्या हसल्या नाहीत. हात पूर्वी होता त्याच्याही खाली आला होता. उशीवर ठेवा, सूज उतरेपर्यंत दोरीला शिवू नका, मग पहिल्यापासून सुरू करा, असे त्यांनी सांगितले.

“जूनपर्यंत वर जाईल?”

“मी ज्योतिषी नाही,” त्या म्हणाल्या. जाताना एवढे विचारले, “कप्पी कशी आहे?”

“चांगली आहे. आवाज करत नाही.”

“मग दांडा काढा आणि त्या टोकालाही मूठ लावा. कप्पीचा काय दोष?”

ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. केस विंचरायला सासूबाई लागत, आणि त्या माझी वेणी त्यांच्या लहानपणी घालत तशी घालत, कानांवर ओढून. लुगड्याला, नळाला, कशालाही दुसऱ्याचा हात. नवीन सर एकदा दारावरून गेले तेव्हा त्यांनी अदबीने नमस्कार केला. मला डाव्या हाताने परत करावा लागला.

पार्ट

सूज उतरल्यावर मधुकरनी दांडा सोडवला आणि दोरीला दुसरी मूठ लावली. ती त्यांनी कारखान्यात लाकडाची करून आणली होती, माझ्या मुठीच्या मापाची. मी पुन्हा सुरुवात केली. डावा ओढतो, उजवा येतो.

रविवारी वसंतराव आले. येताना समितीचे एक सभासद बरोबर. त्यांना यंत्र दाखवायचे होते.

“दांडा कुठाय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मधुकर म्हणाले, “दुरुस्तीला नेलाय. साजगावला.”

“बिघडला?”

“पेच सैल झाला होता. पार्ट मिळत नाही. फॉरेनचा आहे ना.”

चौदा वर्षांच्या संसारात या माणसाने खोटे बोललेले मी ऐकले नव्हते. त्याला ते इतके सराईतपणे जमेल असे वाटले नव्हते. पुढच्या रविवारी वसंतरावांनी पुन्हा विचारले. “पार्ट लिहून पाठवलाय,” हे म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी, “येईल म्हणतात.” तो दांडा कारखान्यात कुठे गेला ते मी कधी विचारले नाही. आजारपणात माझ्यावर झालेल्या उपकारांपैकी एवढा एकच असा होता की त्यासाठी मला आभार मानावे लागले नाहीत.

वाण

पट्टी मात्र तशीच होती. स्वतःच्या स्मरणार्थ रोज सकाळ-संध्याकाळ दोरी ओढणे ही गोष्ट सवयीची होते. सासूबाईंना वाचता येत नाही. यंत्राबरोबर आलेले काहीतरी देवाचे असावे अशा समजुतीने त्या पट्टीला शुक्रवारी हळदकुंकू वाहत. मी सांगितले नाही. सांगून काय करायचे होते?

ते काम शेवटी वसंतरावांनीच केले. दुसरे एक पाहुणे आणले होते, त्यांना पट्टी मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई पाण्याचे तांबे घेऊन आल्या होत्या. ‘स्मरणार्थ’ हा शब्द त्यांना चांगला माहीत आहे. तेराव्याला मिळालेल्या वाट्या-पेल्यांची एक सबंध फळी आमच्या स्वयंपाकघरात आहे.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मुलाला विचारले, “सुमरणार्थ म्हंजे मेलेल्या माणसाच्या नावानं ना रं?”

“हो.”

“आनि नाव कोनाचं हाय?”

मधुकरनी माझ्याकडे पाहिले.

“मी कुकू लावत व्हते त्याला!” सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मला वाटले रडतील. रडल्या नाहीत. “जावई हाय,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. “जावयाला बोलता येत नाय.”

आमच्याकडे खरेच बोलता येत नाही. जावई पाटावर बसतो, त्याला ओवाळतात, आणि त्याच्या तोंडावर त्याला काही ऐकवणे म्हणजे लेकीच्या संसारात विस्तव टाकणे. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून अनारशांचे वाण देतात. ते जावयाने दोन्ही हातांनी घ्यायचे असते. नाकारायचे नसते, परत करायचे नसते, टाकायचेही नसते. हे सगळे नियम मला माहीत होते. त्यांचा असा उपयोग करता येतो हे माहीत नव्हते.

वसंतराव जेवले. पुरणपोळी मागून घेतली. सासूबाईंनी त्यांना ओवाळले, आणि अनारशांनी भरलेले तांब्याचे भांडे पुढे केले. वर एक पितळी झाकण होते, लाल कापडात बांधलेले. वसंतरावांनी वाकून दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले. मी दाराच्या चौकटीकडे पाहिले. कप्पीच्या शेजारी स्क्रूची भोके तेवढी होती.

पुढच्या रविवारी नणंदबाई एकट्याच आल्या. डोळे सुजलेले.

“आईनं असं करायला नको होतं.”

“काय केलं गं मी?” सासूबाई म्हणाल्या. “अनारसे कडक झाले व्हते का?”

“अनारशांचं नाही म्हणत मी.”

“मंग? आमी गरिबांनी जावयाचं जावयाला दिलं. आमच्याकडं ठिवायला जागा नाय.” मग आवाज उतरवून, लेकीच्या पाठीवर हात ठेवून, “रडू नको गं. तुज्या वयनीचं नाव हाय त्याच्यावर. नीट संबाळून ठेव. लई वर्सं.”

ऐकते की ती पट्टी त्यांच्या माळ्यावर आहे, पालथी. वसंतरावांनी आमच्याकडे यंत्र दाखवायला कोणाला पुन्हा आणले नाही.

मत

आता यंत्राबद्दल, कारण त्यासाठीच हे लिहायला घेतले.

कप्पी उत्तम. अडकत नाही, कुरकुरत नाही. नायलॉनची दोरी घामेजल्या हातातून सटकते. तिच्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळावी. परदेशी मूठ पैलवानाच्या पंजाची आहे, ती बदलावी. दांडा काढावा. वजने घरात ठेवूच नयेत. भेटायला येणाऱ्यांना ती लावून बघायचा मोह होतो. खोक्यावरचे चित्र भिंतीकडे करावे. माहितीपत्रक बंबात घालावे. थोडक्यात, त्यातले जे भारी आहे ते सगळे काढून टाकले की वस्तू चांगली आहे. साधी दोरी आणि साधे दार यांच्याइतकी जवळजवळ.

आणि कोणी उद्घाटन करू म्हणाले तर आपण झोपलेले असावे.

फळा

शाळा उघडली त्या दिवशी सासूबाईंनी वेणी घालायला फणी घेतली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि अंबाडा स्वतः घातला. वाकडा झाला. त्या काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्याकडून पुष्कळ होते.

पहिला तास दहावीचा. मुख्याध्यापक दारात उभे होते, त्यांच्यामागे नवीन सर, काखेत भूमितीचे पुस्तक. मुलांना कोणीतरी काहीतरी सांगितलेले असणार, कारण वर्गात अशी शांतता मी प्रार्थनेलाही ऐकलेली नाही. मी खडू घेतला. फळा मला आठवत होता त्यापेक्षा उंच होता.

हात छातीपर्यंत आपसूक आला. खांद्यापर्यंत आला. तिथून पुढे काखेतली दोरी ताणल्यासारखी झाली, आणि ते दुखणे होते, फार दुखणे नव्हते. मी टाचा उचलल्या नाहीत. डाव्या हाताने फळ्याची कड धरली आणि उजवा जात राहिला. कानाच्या वर, अंबाड्याच्या वर. खडू वरच्या कडेला टेकला. मी वार लिहिला, दिनांक लिहिला, हजर मुलांचा आकडा लिहिला. अक्षर थरथरले होते, पण मागच्या बाकांवरून दिसण्याइतके मोठे होते.

“ठीक आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “दहावी तुमच्याकडे.” नवीन सरांनी पुस्तक टेबलावर आणून ठेवले. दोघे गेले. मी वर्गाकडे वळले. मुलांशी भूमितीखेरीज काहीतरी बोलावे असे आयुष्यात पहिल्यांदा वाटत होते.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. “बाई,” ती म्हणाली, “आज मंगळवार नाय, बुधवार हाय.”

मी फळ्याकडे पाहिले. मंगळवारच लिहिला होता. खोडायलाही हात तेवढाच वर न्यावा लागतो.